रेल्वेतला कॉलबॉय आठवतोय का कुणाला?

पंधरा_बंगला | रविवार, रात्री ११:१२

परवा रात्री मुलाचा फोन वाजला. तो आयटीत आहे, महिन्यातून एक आठवडा त्याची ऑन-कॉल ड्युटी असते, सर्व्हर पडला की ह्याला उठवतात. पावणेदोन वाजले होते. मी झोपेतच उठले, किचनमध्ये गेले, गॅस पेटवला, तवा ठेवला आणि कणकेचा डबा हातात घेतल्यावर लक्षात आलं की अगं बाई ह्याला जायचंय कुठे, तो तिथेच पलंगावर लॅपटॉप मांडून बसलाय. सून बघतच राहिली.

मग तिला कॉलबॉयबद्दल, म्हणजे रेल्वेच्या ड्रायव्हरला ड्युटीसाठी घरी येऊन उठवणाऱ्या माणसाबद्दल, सांगायला बसले तर तिला काही पटेना. म्हणे म्हणजे माणूस घरी यायचा? सायकलवर? रात्री दोनला? म्हटलं हो, आणि सही घेतल्याशिवाय जायचा नाही.

बाबा भुसावळला रनिंगमध्ये होते. आधी स्टीमला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारे, मग ड्रायव्हर, पुढे इलेक्ट्रिकचं ट्रेनिंग करून मालगाडीवर. मालगाडीच्या ड्रायव्हरला ठरलेली वेळ नसते, त्यामुळे आमच्या घरात कुठलाच कार्यक्रम नक्की नसायचा. "बाबा आहेत का" ह्याचं उत्तर तीनपैकी एक, लाइनवर आहेत, रेस्टमध्ये आहेत, किंवा कॉलची वाट बघतायत. तिसरं सगळ्यात वाईट. सिनेमाला जायचं नाही, मावशीकडे जायचं नाही, बाबा बनियनवर अंगणात येरझाऱ्या घालणार आणि आई दर अर्ध्या तासाने विचारणार की कणीक भिजवू का नको.

कॉलबॉय म्हणजे बॉय नव्हताच, चांगला पन्नाशीचा माणूस होता, आम्ही कॉलवाले चाचा म्हणायचो. सायकलच्या हँडलला कंदील, पुढे बॅटरी आली, काखेत लांबडं कॉलबुक. त्यात नाव, गाडी, किती वाजताचा कॉल, आणि शेवटच्या रकान्यात बाबांनी सही आणि वेळ टाकायची. पेन्सिल चाचांचीच, ती जांभळी, जिभेला लावली की शाईसारखी उमटणारी. बाबांच्या खालच्या ओठावर जांभळा ठिपका दिसला की आम्हाला शाळेत जाताना कळायचं, रात्री कॉल येऊन गेला, बाबा गेले.

आता माझा प्रश्न, ज्यासाठी हा धागा काढलाय. भुसावळचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना माहितीये, मे महिन्यात घरात झोपणं शक्यच नाही. अख्खी चाळ अंगणात, खाटा एकाला एक लावलेल्या, सगळ्यांवर सारख्याच पांढऱ्या मच्छरदाण्या, लाइटचा पत्ता नाही. शेजारचे काका गार्ड, त्यांच्या पलीकडचे फिटर, ते नाइट करून आलेले. आणि चाचा त्या अंधारात बरोबर आमच्याच खाटेशी येऊन उभे राहायचे, कधी चुकीच्या माणसाला उठवलं नाही. कसं कळायचं त्यांना? बाबा असते तर विचारलं असतं.

कुणाच्या घरी रेल्वे असेल तर लिहा.

---

नवीन_वाचक७ | रविवार, रात्री ११:३१

भारी. जांभळी पेन्सिल वाचून आजोबांचं पोस्टऑफिस आठवलं. वाचतोय.

---

गेजग्लास | रविवार, रात्री ११:५८

ताई, मी स्वतः लोकोमधून, म्हणजे इंजिनांच्या खात्यातून, रिटायर झालोय, सेकंड फायरमनपासून सुरुवात. दोन शब्द लिहितो, मोबाईलवर टाइप करतोय तेव्हा चूकभूल देणे घेणे.

लोकांना वाटतं ड्रायव्हरला टाइमटेबल असतं मग बोलवायला माणूस कशाला. तर मेल एक्स्प्रेस पॅसेंजरवाल्यांना लिंक असते, आज ही गाडी न्यायची उद्या ती आणायची, महिन्याचं ठरलेलं, त्यांचं ते घड्याळ लावून येतात. मालगाडीचं तसं नाही. यार्डात लोड तयार झाला, इंजिन मोकळं झालं, पुढे लाइन मिळाली की कंट्रोल, म्हणजे गाड्या सोडणारं ऑफिस, सांगणार अमुक वाजता गाडी ऑर्डर. तिथून शेडला फोन, शेडमधला क्लार्क पाटीवर बघणार रेस्ट कुणाचा संपलाय, पहिला नंबर कुणाचा, मग चिठ्ठी कॉलबॉयच्या हातात. आमच्याकडे साइन ऑनच्या, म्हणजे शेडला ड्युटीवर हजर झाल्याची नोंद करायच्या, साधारण दोन तास आधी कॉल द्यायचा. त्या दोन तासात तुम्ही उठा, आंघोळ करा, डबा घ्या, शेडपर्यंत पोचा.

गार्डाचा कॉलबॉय वेगळा बरं का, तो स्टेशनवरून यायचा, कारण गार्ड ट्रॅफिकचा आणि ड्रायव्हर लोकोचा. एकाच गाडीच्या दोन टोकांना दोन वेगळी माणसं उठवायची. गार्ड वेळेत आणि ड्रायव्हर लेट असं झालं की दोन्ही खात्यांत जुंपायची, गाडी कुणाच्या खात्यावर लेट लिहायची म्हणून.

स्टीमला आणखी एक भानगड. इंजिन काय चावी फिरवून चालू होत नाही. आग शेडवाले आधी धरून ठेवायचे, पण आमची माणसं जाऊन गेजग्लास, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच, बघणार, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे इंजेक्टर दोन्ही चालतायत का बघणार, वाळू आहे का, तेल घालणार, कोळसा मागे ओढलेला आहे का. ह्याला वेळ लागतो, म्हणून फायरमन ड्रायव्हरच्याही आधी पोचलेला बरा. माझ्या पहिल्या ड्रायव्हरचा नियम होता, मी येईन तेव्हा तू काळा झालेला दिसला पाहिजेस.

आणि ती सही. सही म्हणजे गंमत नाही. १:१० ला सही केली की तिथून पुढे लेट झालो तर माझी जबाबदारी. कॉलबॉय उशिरा आला आणि मी घाईत वेळ न बघता सही केली तर मेलो मी. म्हणून जुने लोक आधी स्वतःचं घड्याळ बघायचे, त्याच्या पुस्तकातली वेळ बघायचे, मग पेन्सिल हातात घ्यायचे. झोपेत सही करू नकोस हे मला शिकवलेलं पहिलं वाक्य.

---

मी_मुंबईकर_परळ | सोमवार, सकाळी ८:४०

छान धागा. आमच्या गिरणगावात हे काम भोंगा करायचा. एक भोंगा आणि हजारो माणसं जिने उतरायची. माझी आजी भोंग्यावर दूध तापवायची. रेल्वेने प्रत्येकाच्या दारी माणूस का पाठवला, तिथेही भोंगा वाजवायचा की.

---

गेजग्लास | सोमवार, सकाळी ९:०५

परळकर, भोंगा होता की. वर्कशॉपला, म्हणजे तुमच्याच परळ माटुंग्याच्या कारखान्याला, भोंगाच होता कारण तिथे सगळ्यांची पाळी एकाच वेळी सुरू. रनिंगवाल्यातले २ वाजता दोघे, २:४० ला तिघे, पहाटे चारला कुणीच नाही. त्या दोघांसाठी भोंगा वाजवलात तर बाकीचे तीनशे, जे बारा-चौदा तास इंजिनावर भाजून नुकते आडवे झालेत, ते दगड मारतील.

पण शेडच्या भोंग्याचं एक वेगळं काम होतं. अपघात. तेव्हा कॉलबॉयची वाट बघायला वेळ नसतो. तीन लांब भोंगे म्हणजे बाहेरच्या स्टेशनला काहीतरी झालंय पण मेन लाइन मोकळी आहे. तीन लांब आणि शेवटी एक आखूड म्हणजे मेन लाइन बंद. चार लांब म्हणजे डॉक्टरांची गाडीपण काढा. एकेक लांब भोंगा पाऊण मिनिटाचा.

---

पंधरा_बंगला | सोमवार, सकाळी १०:२२

अगदी!! आई अंधारात बोटं मोजायची. आम्ही पांघरुणात श्वास धरून. तिसऱ्यानंतर जो थांबा असायचा ना, आता चौथा लांब येतो का आखूड येतो का काहीच येत नाही, तो थांबा मला अजून कधी कधी ऐकू येतो. चौथा लांब आला आणि बाबा लाइनवर असले की आई उठून बसायची, काही बोलायची नाही, देवघरातली वात सारखी करायची. आणि मग रस्त्यावर धावणाऱ्या बुटांचे आवाज, रिलीफ ट्रेनवाले सगळे शेडकडे.

---

कॉलबुक | सोमवार, दुपारी १:१५

मुद्दाम आयडी काढून लिहितोय. इतके दिवस नुसता वाचायचो.

माझे आजोबा कॉलबॉय होते. मनमाडला. आधी सब्स्टिट्यूट म्हणून लागले, मग पर्मनंट, आणि रिटायर होईपर्यंत पदाचं नाव कॉलबॉयच. शेवटी शेवटी नातू मांडीवर आणि पगाराच्या स्लिपवर बॉय.

ताई तुमच्या लिखाणात चाचा फार गोड आलेत, राग मानू नका पण थोडं दुसरीकडून सांगतो. तुमच्या दारी चाचा आठवड्यातून दोनतीनदा यायचे. आजोबांना एका नाइटला वीसेक दारं असायची, कधी जास्त. एक कॉल गावाच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये फाटक बंद, फाटकावर मालगाडी उभी, मग सायकल खांद्यावर घेऊन डब्यांच्या मधून कपलिंगवरून पलीकडे, जे करायचं नाही असं नियमात लिहिलेलं. कुत्री. कुत्र्यांसाठी खिशात भाकरीचे तुकडे ठेवायचे, आजी मुद्दाम एक भाकरी जास्त करायची, तिला ती कुत्र्याची भाकरीच म्हणायची.

आणि शिव्या. झोपेतून उठवलेला माणूस पहिल्यांदा समोरच्याला शिवी देतो हे आजोबांचं आयुष्यभराचं निरीक्षण. कंट्रोलने गाडी रद्द केली तर परत त्याच दारी जाऊन सांगायचं की कॉल कॅन्सल, झोपा. तेव्हा तर डबल. डबा भरून तयार, माणूस बूट घालून बसलेला, आणि हे सांगणार आता नाही, सकाळी बघू. गाडी ऑर्डर करणारा टेबलावर बसलेला, ती रद्द करणारा पण टेबलावर, शिव्या सायकलवाल्याला.

घरी माणूस नसला की शोधायचा. कोण रमीच्या अड्ड्यावर, कोण भावाकडे, कोण अजून कुठे, हे सगळं त्यांना पाठ. कुणाच्या दाराशी आतून हाक मारायची आणि कुणाच्या खिडकीवर नुसतं नखाने टिकटिक करायचं हेही. ह्यातलं एक अक्षर त्यांनी कधी आजीलासुद्धा सांगितलं नाही. आता ९० च्या जवळ आलेत, मी विचारतो, हसतात नुसते. कुठेच नाही सापडला तर कॉलबुकात "घर बंद" लिहायचं आणि शेजाऱ्याची सही घ्यायची. शेजारी सही द्यायला तयार नसायचा, उद्या त्याच्याशीच नळावर गाठ पडायची.

एका साहेबाने (कुठला, कधी, जाऊ द्या) एकदा त्यांच्यावर चार्जशीट लावली, कॉल वेळेत दिला नाही म्हणून गाडी चाळीस मिनिटं लेट. दिला होता. ड्रायव्हरने सही केली आणि बसल्या जागी परत झोपला. कॉलबुकातली सही आणि वेळ बघून सुटले. तेव्हापासून सही झाली तरी माणूस चूळ भरेपर्यंत ते अंगणातून हलायचे नाहीत.

---

इगतपुरीचा_पाऊस | सोमवार, दुपारी ३:३३

कॉलबुकदादा, लिहीत राहा. आयडीचं सार्थक झालं.

आमच्याकडे रनिंग रूमचा कॉलमन होता त्याची गोष्ट वेगळी. भुसावळकडून आलेला क्रू इगतपुरीत उतरणार, रनिंग रूममध्ये रेस्ट घेणार आणि परत जाणार. माझे मामा तिथे कुक होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तेव्हा ड्रायव्हर लोक घरून शिधा घेऊन यायचे, डाळ तांदूळ पीठ भाजी कांदा, आणि कुकच्या हवाली करायचे. दहा जणांचे दहा छोटे डबे, दहा वेगवेगळ्या भाज्या, एकाची दुसऱ्यात मिसळली तर भांडण. मामांना कॉलची वेळ कॉलमनकडून कळायची, त्याप्रमाणे कुणाची पोळी आधी टाकायची ते ठरायचं.

कॉलमन पाटीवर बेड नंबर बघून यायचा. हॉलमध्ये बाकीचे झोपलेले म्हणून लाइट लावायचा नाही, हाक मारायची नाही, पायाचा अंगठा धरून हलवायचा. अंगठाच, खांदा नाही. खांद्याला हात लावला की माणूस दचकून ओरडतो आणि सगळा हॉल जागा होतो असं मामा सांगायचे. आणि बाहेर आमचा तो पाऊस, चार महिने कपडे वाळत नाहीत, कॉलमनच्या इरल्यातून कॉलबुकावर पाणी ठिबकतंय, सहीची शाई पसरून जांभळा डाग झालाय.

अवांतर: घाटातल्या बँकर इंजिनांचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. कसाऱ्याहून वर येताना १ इन ३७ ची चढण आहे म्हणजे ३७ मीटर चाललात की १ मीटर वर, त्यामुळे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात.

---

सिग्नल_पिवळा | सोमवार, सायं. ६:१०

सगळे इतके हळवे का झालेत कळत नाही. दोन वाजता दार वाजवून माणसाला उठवणं ह्यात छान काय आहे. मला रेल्वे कॉलनीतल्या लोकांचं हे नेहमी दिसतं, वाईट गोष्टीचा पण मोरांबा घालतात.

---

गेजग्लास | सोमवार, सायं. ७:४५

पिवळे साहेब, बरोबर बोललात, माझा मुद्दा तुम्ही आणून दिलात.

ड्युटी कुठून मोजतात? साइन ऑनपासून. कॉल घेतल्यापासून नाही. म्हणजे रात्री १ ला मला उठवलं, ३ ला साइन ऑन केलं, तर हे दोन तास कामाचे नाहीत. रेस्टचेही नाहीत, कारण झोप तर तुम्ही मोडली. मग ते कुणाचे? ह्यावर शेडच्या बाकड्यावर जेवढी भांडणं झालीत तेवढी पगारावर झाली नसतील. आणि एकदा निघालात की परत कधी याल ह्याचा पत्ता नाही, स्टीमच्या काळात लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभे करून ठेवलं की सोळा-अठरा तास सहज.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंगवाल्यांनी काम बंद केलं तेव्हा मुख्य मागणी तीच होती, तास. सरकारने साइन ऑन ते साइन ऑफ दहा तास मान्य केले. मान्य करणं आणि होणं ह्यात काय फरक असतो ते लाइनवर गेलेल्याला विचारा. पुढच्याच वर्षी मोठा संप, ८ मे ते २७ मे १९७४, जॉर्ज फर्नांडिस. मी तेव्हा अगदी नवीन. त्या वीस दिवसांत दार वाजलं की कॉलबॉय नसायचा, पोलीस असायचे. कॉलनीत क्वार्टर खाली करायच्या नोटिसा. आमच्या लाइनीतले पुरुष रात्री घरी झोपतच नव्हते, कुणी शेतात, कुणी देवळात. माझ्या ओळखीचा एक कॉलबॉय स्वतः संपावर होता आणि तरी त्याला धरून जीपमध्ये घातला, कारण ड्रायव्हर लोक कुठे लपलेत हे फक्त त्यालाच माहीत असणार. त्याने त्यांना गावभर फिरवलं आणि एकही घर आठवलं नाही म्हणे.

---

कॉलबुक | सोमवार, रात्री ८:०२

हे वाचून आजोबांना फोन लावला. मनमाडचं सांगत नाहीत. म्हणाले संपात सगळ्यांचीच स्मरणशक्ती गेली होती.

---

नेब्रास्कातून | मंगळवार, पहाटे ५:१८

इकडून सलाम. मी अमेरिकेत ओमाहात राहतो, रेल्वेचंच गाव म्हणायचं, युनियन पॅसिफिक ह्या रेल्वे कंपनीचं मुख्यालय इथे. धागा वाचून मजा वाटली कारण इथेही डिट्टो हेच होतं आणि शब्दही तोच, कॉलबॉय. इथे मात्र खरंच पोरं असायची, चौदा-पंधरा वर्षांची. बोर्डिंग हाऊस, सलून, न्हाव्याचं दुकान सगळीकडे शोधत फिरायची आणि पुस्तकात सही घ्यायची. त्यामुळे क्रूला राउंडहाऊसपासून, म्हणजे इंजिनांच्या शेडपासून, ठरावीक अंतरातच राहावं लागायचं, पोरगं पायी पोचेल इतकं. रेल्वेच्या गावात शेडभोवती वस्ती अशी दाटीने का दिसते त्याचं एक कारण हे. मग टेलिफोन आला आणि पोरांचं काम गेलं.

तास इथेही भांडणाचा विषय. १९०७ च्या कायद्याने सलग १६ तासांची मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी किती असेल बघा. आता १२ आहे. बारा भरले की गाडी जिथे असेल तिथे उभी, मग माळरान असो की काही, त्या क्रूला "मेला" म्हणतात आणि व्हॅनमधून दुसरा क्रू आणतात. 

ज्यांना ठरलेली गाडी नाही ते अजूनही यादीवर, फोन कधीही. आता तर माणूसही बोलत नाही, मशीनचा आवाज, बटण दाबून हो म्हणायचं. २०२२ मध्ये ह्याच सगळ्यावरून इथे देशभर संप व्हायची वेळ आली होती, सतत कॉलवर राहणं आणि आजारपणाची पगारी रजा नसणं. डिसेंबरात काँग्रेसने कायदा करून करार लादला, आणि सात दिवसांच्या आजारी रजेचं वेगळं बिल सेनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ असूनही पडलं, साठ मतं लागत होती.

---

चिवडा_पॉलिटिक्स | मंगळवार, सकाळी ९:३०

रच्याकने, ब्रिटनमध्ये गिरण्या आणि खाणींच्या गावात उठवायचा धंदाच होता, आठवड्याचे पैसे घेऊन लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायचे. एक बाई तर नळीतून वाळलेले वाटाणे फुंकून काचेवर मारायची, तिचा फोटो फार प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी घराबाहेर पाटी असायची, उठायची वेळ खडूने लिहून ठेवायची. रेल्वे शेडचे मात्र स्वतःचे पोरगे असायचे, बहुतेक इंजिन पुसणारेच.

---

लोकोपायलटची_बायको | मंगळवार, सकाळी ११:४७

नमस्कार. मी आत्ताची बोलते. नवरा मालगाडीला लोको पायलट. आता कॉल लॉबीतून, म्हणजे जिथे ड्युटीची हजेरी लागते तिथून, मोबाईलवर येतो, सगळं सीएमएस म्हणजे क्रू मॅनेजमेंट सिस्टिममध्ये, कुणाचा रेस्ट कधी संपला ते कॉम्प्युटर सांगतो. लॉबीत गेलं की अंगठा लावायचा, फुंकर मारून दारूची टेस्ट, मग साइन ऑन. चांगलंच आहे, शेडच्या पाटीवर कुणाचा नंबर मागेपुढे करायची सोय राहिली नाही.

पण एक सांगते. तुमच्या चाचांना घर बंद लिहिता येत होतं. आमच्याकडे फोन बाथरूममध्येही सोबत. नारळ फोडताना फोन. लग्नात पंगतीत बसले आणि फोन. रेंज गेली की माझा जीव खालीवर, माझ्या नंबरवर पण कॉल येतो. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला, आता कॉलनीत राहायची सक्ती नाही, पण मग दोन तासातला एक तास ट्रॅफिकमध्येच. मुलीने पहिला शब्द बाबा म्हटला, दुसरा आई, तिसरा हॅलो.

पोळ्या मी पण तशाच करते, पावणेदोनला.

---

सिग्नल_पिवळा | मंगळवार, दुपारी १२:२०

काल जरा तिरकस लिहिलं. वहिनींची पोस्ट वाचली. माझे वडील टीएनसी होते, यार्डात वॅगनचे नंबर लिहायचे, रात्रपाळी सोडून घरात काही आठवत नाही त्यांचं. असो.

---

पंधरा_बंगला | मंगळवार, सायं. ५:५०

सगळ्यांचे आभार, मला वाटलं होतं चार प्रतिसाद येतील.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. मच्छरदाण्यांमध्ये बाबांची खाट कशी ओळखायचे? माझा अंदाज, बाबांच्या घोरण्यावरून. भावाचं म्हणणं बुटांवरून, बाबांचे काळे बूट नेहमी खाटेखाली डाव्या बाजूला. कॉलबुकदादा, आजोबांना विचाराल का?

---

कॉलबुक | मंगळवार, रात्री ९:१४

विचारलं. सारखं "कोण विचारतंय, कुठल्या ड्रायव्हरची मुलगी" ह्यातच दहा मिनिटं गेली.

मग म्हणाले, बूट नाही न् घोरणं नाही. ड्रायव्हरला कोण उठवतंय? मी आयुष्यात ड्रायव्हरला हात लावला नाही. कुंपणाशी उभा राहायचो आणि सायकलची घंटी एकदाच, हळू. ज्या खाटेवरची बाई उठून बसली ते घर. ज्याचा रेस्ट संपत आला त्याची बायको जागीच असायची, तिला आधीच हिशोब माहीत. ती नवऱ्याला उठवायची, मी सही घ्यायचो. बायको माहेरी गेलेली असली की मात्र पंचाईत, मग शोधत बसा.

म्हणजे निदान मनमाडला असं होतं, भुसावळचं ते सांगू शकत नाहीत.

---

पंधरा_बंगला | मंगळवार, रात्री १०:०३

आई इथेच बसलीये, ८३ ची आहे, तिला मोठ्याने वाचून दाखवलं. मी विचारलं, तू जागी असायचीस? मला म्हणते, मग काय तुझा बाप उठणार होता घंटीने?

इतकी वर्षं मला वाटत होतं कॉल आल्यावर आई उठायची.

वर म्हणते, त्या कॉलवाल्याला विचार, सायकल माझ्या मोगऱ्यावर टेकवून टेकवून वेल मोडली त्याने, नवीन आणून देतो म्हणाला होता, दिली का.

---

कॉलबुक | मंगळवार, रात्री १०:४१

निरोप दिला. आजोबा म्हणतात मी मनमाडचा, भुसावळच्या मोगऱ्याशी माझा काही संबंध नाही.

थोडं थांबून म्हणाले, मनमाडला एक पपई गेली होती खरी.